राजव्वाचा जबाब

तमाम नातेवाईक, सोयरे, शेजारी आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर बसणारी समस्त मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आमचे मूळपुरुष मल्लय्या हे तेलंगणातून सोलापुरास खांद्यावर माग घेऊन चालत आले, अशी जी माहिती आजवर लग्नात, बारशात आणि तेराव्यात देण्यात येत होती, तिच्यात दुरुस्ती झालेली आहे. मल्लय्या आले, हे खरं. चालत आले असतील, तेही आम्ही नाकारत नाही. खांदा होता. माग नव्हता. संबंधितांनी नोंद घ्यावी आणि पुढच्या लग्नात त्याप्रमाणे बोलावं.

हे निवेदन मला दर जूनमध्ये करावं लागतं. कारण बारावीचा निकाल लागला की सोलापूरच्या पूर्व भागात एक मोसम सुरू होतो, ज्याला पंचांगात नाव नाही. आंबे संपत आलेले असतात, ऊन संपायचं नाव घेत नसतं, आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे माणसं डोक्यावर ओला टॉवेल टाकून उभी असतात. टॉवेलांच्याच गावात राहतो आम्ही, त्यामुळे रांगेत नक्षी मात्र बघण्यासारखी असते. यंत्रातून कागद तव्यावरच्या भाकरीसारखे गरम निघतात. पोरं ते फुंकर मारून फाईलमध्ये घालतात. आणि ज्या आजोबांना वर्षभर कुणी ‘पाणी हवं का’ म्हणून विचारत नाही, त्यांच्याभोवती सगळं घर कोंडाळं करून बसतं. तुमच्या वडिलांचं नाव काय? त्यांच्या वडिलांचं? ते शाळेत गेले होते का? कुठल्या? आजोबा लोकांचा हा सुगीचा काळ असतो. मागतील तेव्हा चहा मिळतो.

परवा शेजारची पद्मा दारात उभी राहिली. तिच्या मुलाचा यंदा नंबर. “वैनी, तुमची ती फाईल द्या की. बघून लगेच देते.”

फाईल अत्तम्माच्या ट्रंकेत असते. अत्तम्मा म्हणजे माझी सासू. ती जन्मभर विड्या वळत आली, त्यामुळे तिच्या ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूलाही तंबाखूचा वास आहे. फाईल उघडली, तो कडसर वास नाकात गेला, आणि मी थेट चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये जाऊन पडले. पद्मा बिचारी समोर उभी होती. तिला वाटलं मी फाईल द्यायला का-कू करते आहे.

आमचं घर तेलगू. म्हणजे घरात बोलणं तेलगू, भांडण मराठीत, आणि देवाशी ज्या वेळी जे सुचेल ते. माझं माहेर बार्शीचं. आम्हीही पद्मशालीच, तेलगू विणकरांच्या जातीचे, पण बार्शीत राहून माझी तेलगू जरा बोथट झालेली. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा खाली चार यंत्रमाग आणि वर तीन खोल्या असं हे घर होतं, अजूनही आहे. पहिले पंधरा दिवस मला मागांच्या खटखटीनं झोप लागली नाही. नंतर असं झालं की वीज गेली, खटखट थांबली, की मी दचकून जागी व्हायची.

आणि पहिल्याच आठवड्यात मला मल्लय्यांचं आख्यान ऐकायला मिळालं. सादरकर्ते मामय्या, म्हणजे माझे सासरे. मामय्या हा माणूस नाटकात गेला असता तर आज आम्ही सगळे दुसऱ्या कुठल्यातरी गावात सुखात असतो. ते आधी उभे राहत. खांद्यावरचा टॉवेल झटकत. मग एक हात उंच करून म्हणत, “दुष्काळ! सगळीकडं दुष्काळ! आणि आमचे आजोबा मल्लय्या निघाले. खांद्यावर माग. पायात वहाण न्हाई. वाटंत नदी लागली. काय केलं? माग डोईवर घेतला!” इथं ते डोक्यावर दोन्ही हात धरून खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नदी पार करत. बघणाऱ्याला पाणी दिसायचं.

मी तेव्हा नवी नवरी. पण जीभ माहेराहूनच तिखट आलेली. मी अगदी भक्तिभावानं विचारलं, “मामय्या, हातमाग तर जमिनीत खड्डा करून बसवतात ना? मग आजोबांनी खड्डापण आणला होता का?”

श्रीनिवासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इतका ठसका लागला की पाणी आणावं लागलं. मामय्या माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आख्यानात सुधारणा झाली. माग “सुटा करून” आणला होता.

तर हे असं घर. आणि त्या घरातली आमची एकुलती एक लेक लावण्या हिला फार्मसीला जायचं होतं. मार्क छान पडले. कॉलेजही लागलं असतं. आमच्या घरात त्या वाटेला आधी कुणी गेलेलं नव्हतं. चुलत घरं मागावर, उरलेली भिवंडीला मागावर. त्यामुळे जात पडताळणी नावाचा प्रकार आमच्याकडे कुणी पाहिलेलाच नव्हता. राखीव जागेतून प्रवेश हवा तर पडताळणीचा दाखला हवा, दाखला हवा तर वाडवडील इथले आणि या जातीचे असल्याचा जुना कागद हवा, आणि हे सगळं मुदतीच्या आत. नाहीतर जागा जाणार.

आम्ही छाती काढून मामय्यांच्या शाळेचा उतारा घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं तो पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “जातीच्या रकान्यात काय लिहिलंय वाचलंत?”

वाचलं. ‘हिंदू तेलगू’ असं लिहिलं होतं.

“तेलगू ही भाषा झाली ताई. जात कुठाय?”

त्या काळच्या कुणा गुरुजींनी आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकाच फटक्यात ‘तेलगू’ करून टाकलं होतं. पाटीवर रेघ ओढावी तसं. मामय्यांचे वडील व्यंकटय्या शाळेत गेलेच नव्हते, ते बालपणीच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. म्हणजे आता उरले मल्लय्या. खांदा, नदी आणि माग यांच्यासह.

“घरजागेचा जुना कागद असेल ना,” खिडकीतला माणूस म्हणाला. तसा तो चांगला होता. “सिटी सर्व्हे झाला तेव्हाची चौकशीची नोंद शोधा. त्यात सगळं लिहायचे. जात, धंदा, मूळ गाव.”

श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात, त्याला रजा मिळेना. मी शाळेत मराठी शिकवते, मला सुट्टी होती. म्हणून मूळपुरुष शोधायची जबाबदारी सुनेवर आली.

मी त्या जुन्या कागदांच्या खोलीत सोळा दिवस गेले. आजही डोळे मिटले की ती खोली दिसते. लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना तिथं रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की शंभर वर्षांची धूळ आधी बाहेर येऊन आपली चौकशी करते. पंखा चालू केला तर कागद उडतात, बंद केला तर माणूस वितळतो. तेव्हा कागदांचा विचार करून पंखा बंद. माझ्या घामाचा एक थेंब कुणाच्यातरी वारसनोंदीवर पडला होता. त्या घराण्याची मी इथं जाहीर माफी मागते.

जुन्या नोंदी मोडीत. त्या वाचायला काझी सर होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मोडी कशी शिकलात म्हटलं तर म्हणाले, “अहो, ही लिपी नाहीच. एका हाताने काढलेलं चित्र आहे. कलम उचलायचंच नाही. मला वाटलं हे आपल्याला जमेल.” खिशात कायम बडीशेप. एकेक पान उलटताना इतकी हळू बोटं लावायचे की आजारी माणसाची कूस बदलताहेत असं वाटावं.

आणि आम्हाला मल्लय्या सापडले! पहिल्याच दिवशी! मी टुणकन उठले.

“थांबा,” काझी सर म्हणाले. “हे आणखी एक मल्लय्या. आणि हे पण.”

आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे मल्लय्यांचा मुलगा व्यंकटय्या, त्याचा मुलगा पुन्हा मल्लय्या, असं एकाआड एक चालत राहतं, आणि ही पद्धत गल्लीतल्या सगळ्याच घरांत. पूर्व भागात तेव्हा बहुतेक दगड मारला तर मल्लय्याला लागायचा आणि बघायला व्यंकटय्या धावून यायचा. आम्ही त्यांतल्या प्रत्येकाची विचारपूस केली. कुणाचं घर दुसऱ्या पेठेत, कुणाला मुलगाच नाही, एक तर चक्क तेलाचा घाणा चालवणारा निघाला. आमचे मल्लय्या कुठंच नाहीत. एवढा नदी पार करून आलेला माणूस, त्याची सरकारदरबारी कुणी दखलच घेतली नव्हती.

मी संध्याकाळी घरी यायची ती नाकातोंडात धूळ घेऊन. मामय्या दारातच बसलेले असायचे. “गावले?” मी मान हलवायची. “नीट बघ की गं. एवढा मोठा माणूस.” जणू मी आजोबांना शर्टाच्या खिशात शोधत होते.

अकराव्या-बाराव्या दिवशीची गोष्ट. मी चूळ भरत होते, मागून लावण्या म्हणाली, “मम्मी, नाही मिळालं तर मी साधं बी.एस्सी. करते. त्याला काय होतंय.” हे ती अगदी शहाण्यासारखं म्हणाली. सतरा वर्षांच्या पोरीनं एवढं शहाणं असू नये. तिनं आदळआपट केली असती, आम्हाला चार शब्द सुनावले असते, तर मी सुखानं झोपले असते. तिच्या मैत्रिणींचे प्रवेश होत होते, आणि ती मोबाईल उपडा ठेवून आजीबरोबर विडीची पानं कातरत बसत होती. ते पाहिलं की मला अख्ख्या मल्लय्या मंडळींचा राग यायचा.

सोळाव्या दिवशी, दुपारी, काझी सरांनी बडीशेप तोंडात टाकली आणि अगदी सहज म्हणाले, “बेटी, एक विचारू? सोळा दिवस झाले, आपण सगळे मर्दच शोधतोय. तुमच्या घरात बाई कुणी नव्हती का?”

आणि मला माझं लग्न आठवलं.

आमच्या घरात एक रीत आहे. नवी सून आली की तिला आधी मागच्या दाराशी नेतात. घर दोनदा पाडून बांधलं, सिमेंटचं झालं, पण मागच्या दाराचा दगडी उंबरा बायकांनी हलवू दिला नाही. त्या उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, “राजव्वा, नेनु वच्चिना.” राजव्वा, मी आले गं. त्या वेळी तिथं फक्त बायका. पुरुषांनी पुढच्या दाराशी थांबायचं आणि तिथं ते विडी ओढतात. मीही म्हटलं होतं. मला वाटलं एखादी ग्रामदेवी असेल. पायात नवी जोडवी रुतत होती, विचारायची शुद्ध कुणाला!

मी तिथूनच घरी फोन लावला. “अत्तम्मा, राजव्वा कोण होती?”

पलीकडे कात्रीचा आवाज थांबला. “घराची मालकीण.”

“म्हणजे कोण?”

“म्हणजे मालकीण की! माझ्या सासूनं मला एवढंच सांगितलं. तिला तिच्या सासूनं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुमी मल्लय्या शोधायलाय की. राजव्वा कुटं शोधायलाय?”

आणि फोन बंद. तिचं बरोबर होतं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. घराण्याचा इतिहास विचारायचा म्हणून सगळे मामय्यांभोवती बसलो होतो, आणि ती तिथंच भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन, विड्या वळत होती.

काझी सरांनी सूची पुन्हा पहिल्यापासून काढली. आता बायकांच्या नावांवर बोट. पाऊण तासात ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग कागद माझ्याकडे न वळवता नुसतं वाचायला लागले, एकेका शब्दाशी थांबत.

राजव्वा भ्रतार मल्लय्या. जात पद्मशाली. धंदा विणकाम. आणि खाली तिचा जबाब. ‘ही जागा माझे बापाची. बाप मोगलाईतून इकडे आला. बापास पुत्रसंतान नाही, सबब जागा मजला दिली. बाप मयत आहे. नवरा लग्नापासून आमचे घरी राहतो. त्याचा या जागेस काही दावा नाही. मुलगा व्यंकटय्या आहे. पुढे त्याचे नाव लागावे.’ डाव्या हाताचा अंगठा.

मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, एवढं मला ठाऊक होतं. मी विचारलं, “नवरा आमचे घरी राहतो, म्हणजे?”

काझी सर गालात हसले. “म्हणजे बेटी, घरजावई.”

मला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आल्यामुळे धुळीची शिंक आली. त्या खोलीत इतक्या मोठ्यानं शिंकण्याची परवानगी नसावी, कारण शिपाई येऊन बघून गेला. मी बाहेर पळत आले. रस्त्यावर ऊन असं की डांबराला पाय चिकटत होते. समोरच्या गाड्यावर एकामागून एक दोन लिंबू सोडे प्यायले. बाटलीतला वायू नाकातून बाहेर आला. सोळा दिवसांनी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की माझे खांदे कानापर्यंत चढलेले होते. ते हळूहळू खाली आले. तसा मोकळा श्वास मी बाळंतपणानंतर एकदाच घेतला असेल.

त्या उन्हात उभी राहून मी तिचा विचार करत होते. साहेबाच्या लोकांनी दारात येऊन विचारलं असेल, मालक कोण? गल्लीतल्या बाकीच्या बायका आत गेल्या असतील, नवरे पुढे आले असतील. आणि ही म्हणाली असेल, मी. ‘त्याचा या जागेस काही दावा नाही,’ हे तिनं कसं म्हटलं असेल? रागानं? की सहज, सूत सरळ करता करता? नवरा शेजारीच उभा असेल का? मी आठवीच्या मुलांना दरवर्षी आत्मवृत्त लिहायला शिकवते, दोन-दोन पानं. राजव्वानं आठ वाक्यांत बाप, नवरा, मुलगा, घर सगळं सांगून अंगठा उठवला.

घरी मात्र माझं स्वागत झालं नाही. काझी सरांनी देवनागरीत उतरवून दिलेला कागद मामय्यांनी वाचला. एकदा. दोनदा. मग घडी करून माझ्याकडे परत दिला.

“ही दुसरी राजव्वा.”

“मामय्या, मुलगा व्यंकटय्या लिहिलंय. चतुःसीमा आपल्याच घराच्या आहेत. पूर्वेला आड. तो आड अजून आहे.”

“आड काय कुटंबी आसतंय.”

“नाना, वंशावळीचं शपथपत्र तुम्हालाच करायचंय,” श्रीनिवास हळूच म्हणाला. “तुम्ही मोठे. तुमच्याशिवाय चालत नाही.”

“मी करणार न्हाई,” मामय्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच भीती वाटली. “माझा आजा घरजावई न्हवता. उद्या गाड्यावर बसू कसा मी? आं? लोक म्हणतील, माग कुटाय, माग?”

लावण्या तिथंच उभी होती. मामय्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला, आणि आज सांगायला हरकत नाही, जरा दयाही आली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून त्याची नदी काढून घ्यायची म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. त्यांना दुसरं काय होतं? जन्मभर दुसऱ्यानं दिलेल्या बिमावर, म्हणजे दुसऱ्याच्या सुताच्या रुळावर, टॉवेल विणले. खाली चार माग आहेत, ते अजून भाड्यानंच चालवतो आम्ही. पण त्यांच्या रक्तात एक माणूस होता, जो माग डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आला होता.

पेच सुटला तो काझी सरांमुळे. त्यांनी नोंदीची झेरॉक्स देताना खाली एक खूण करून दिली होती. “साक्षीदाराच्या जागी दोन शब्द आहेत, ते मला येत नाहीत. मोडी नाही ती. तेलगू असावी.” ते मी मामय्यांना दाखवलं. आमच्या घरात तेलगू बोलता सगळ्यांना येतं, वाचता कुणालाच नाही. गल्लीतल्या देवळातले पुजारी वरंगळकडचे, त्यांना येतं. मामय्यांचे डोळे लकाकले. साक्षीदार दुसराच कुणी निघाला तर हा सगळाच कागद दुसऱ्या घरचा ठरेल, असं त्यांच्या मनात आलं असणार. भर दुपारी, टॉवेल ओला करून, झेरॉक्स छातीशी धरून ते निघाले. मी खिडकीतून बघत होते. चाल मोठी विजयी होती.

तासाभरानं आले तेव्हा हळू आले. पायरीवर बसले. झेरॉक्स गुडघ्यावर पसरली आणि त्या दोन शब्दांवरून बोट फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडे. परत डावीकडून.

“आधी आपलं आडनाव, मग मल्लय्या,” म्हणाले. “त्येंचीच सही हाय.”

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“बायकोनं सांगितलं याचा दावा न्हाई. आन् यानं खाली सही केली. व्हय, न्हाई म्हणून.” खाली माग खटखटत होते. मग एकदम त्यांनी मान वर केली, आणि मला ती जुनी झाक दिसली. “पण बघितलंस का तू? बाकी सगळ्यांचे अंगठे. माझ्या आज्याची सही! त्या काळात! लिहिता येत होतं त्येला!”

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर नवं आख्यान सुरू झालं होतं, असं मला श्रीनिवासनं सांगितलं. मल्लय्यांनी बोरू कसा धरला, हे मामय्या चमच्यानं करून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, ते स्वतःच शपथपत्राला निघाले आणि वाटेत मला दोनदा म्हणाले, “चल की लवकर.”

दाखला मुदतीच्या दोन दिवस आधी हातात पडला, हे इथंच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. लावण्या आता पुण्यात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आली की आम्हा सगळ्यांना गोळ्यांची नावं पाठ म्हणून दाखवते. पद्माला मी फाईल दिली, आणि तिला एवढंच सांगितलं की आधी सासूला विचार. ती म्हणाली, सासूला काय ठाऊक असणार? म्हटलं, विचार तर खरं.

पण दाखला आला तो दिवस मला तितका आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा, घरी चौकशीला अधिकारी आले होते तो. तिशीतले गृहस्थ, मोडनिंबकडचे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी ताक दिलं, त्यांनी दोन ग्लास प्यायले. वहीत लिहिता लिहिता विचारत होते. कुलदैवत कोणतं, लग्नं कुठं होतात, मयताला काय करतात. मग पेनाचं टोपण दातात धरून त्यांनी मामय्यांकडे पाहिलं. “आजोबा, आता तुम्हीच सांगा. तुमचे मूळपुरुष सोलापुरात आले कसे?”

मामय्या उठून उभे राहिले.

आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. कागदात एक आणि तोंडी एक झालं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि मुदत तर संपत आलेली. श्रीनिवास छताकडे बघत होता. लावण्यानं माझा पदर मुठीत धरला होता, लहानपणी इंजेक्शनला धरायची तसा. मामय्यांचा उजवा हात वर गेला. दुष्काळापर्यंत गेला. तिथं थोडा वेळ राहिला. मग त्यांनी समोर नातीकडे पाहिलं आणि तो हात हळूच खाली घेऊन छातीवर ठेवला.

“जावई म्हणून आले, साहेब,” ते म्हणाले. “बायकोच्या घरी. घर तिचं होतं. आमी सगळे तिच्या घरात ऱ्हातो.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता. लावण्याची मूठ सुटली, माझ्या पदराला त्या मुठीच्या चुण्या पडल्या होत्या. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून, मांडीवरचं सूप बाजूला सारून, एरवी परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणारी माझी सासू खणखणीत आवाजात म्हणाली,

“तरीच म्हनलं! ह्या घरातल्या गड्यांना पाट मांडून, तीनदा ‘उठा की, उठा की’ म्हनल्याबिगर जेवायला का उठता येत न्हाई! चार पिढ्या झाल्या, अजून जावई म्हणूनच ऱ्हायलेत की हो साहेब!”